बेळगावहून पाच जण पुण्याला निघालोय, राहायचं कुठं?

येळ्ळूरचा_पोरगा · सोमवार, रात्री 9.20

नमस्कार सगळ्यांना. आम्ही पाच मित्र आहोत. दोघं येळ्ळूरचे, एक मच्छेचा, एक कडोलीचा, एक खानापूरचा. डिप्लोमा मेकॅनिकल एकाच वर्गात केलो. तिघांना चाकणात आणि दोघांना भोसरीत ट्रेनी म्हणून घेतलेत. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं आहे. हातात पंधरा हजारांच्या आसपास येणार. त्यातले पाच घरी पाठवायचे असा प्रत्येकानं घरात शब्द दिलाय. म्हणजे राहणं, खाणं, जाणंयेणं सगळं दहात बसायला पाहिजे.

मागच्या रविवारी आम्ही दोघं पुण्याला जाऊन आलो. शनिवारी रात्री सीबीटीवरून (बेळगावचं बसस्टँड) बस धरली, सकाळी उतरलो आणि अंधार पडेपर्यंत फिरलो. पाच जागा बघितलो. एका ठिकाणी "बॅचलर नको" म्हणून गेटवरूनच परत पाठवले. एका ठिकाणी फ्लॅट चांगला होता, पण आधार कार्डावरचा पत्ता बघून एजंट म्हणाला, "तुम्ही कर्नाटकचे, पुण्यातला कोणीतरी जामीन आणा." आम्ही त्याच्याशी मराठीतच बोलत होतो ओ, पण कार्डावर बेळगाव जिल्हा दिसला की बोलणं थांबतंय. तिथं आमचं ओळखीचं कोणीच नाही. आणखी एका ठिकाणी कॉट बेसिस, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचंच भाडं, माणशी साडेतीन हजार, पण पाच कॉट एका जागी नाहीत. दोन इथं, तीन पलीकडच्या बिल्डिंगीत.

घरच्यांचं एकच म्हणणं आहे, पाचही जण एकत्र राहा. आम्हालाही तेच पाहिजे. पहिल्यांदाच घर सोडून निघालोय. कुठल्या भागात बघावं, डिपॉझिट किती योग्य, फ्लॅट बरा की कॉट बेसिस, सांगा.

उद्यमबाग_फिटर · सोमवार, रात्री 9.48

पाच जण म्हणून सांगितलास तर कुठलीच सोसायटी घेणार नाही. तिघांची नावं दे. बाकीचे दोघं पाहुणे म्हणून राहतील. आम्ही दोन वर्षं तसंच काढलो, काही झालं नाही.

निपाणीची_अक्का · सोमवार, रात्री 10.25

वरचा सल्ला कृपा करून ऐकू नकोस भाऊ. तुमचं काही झालं नाही हे नशीब. आमच्या घरात झालंय म्हणून सांगते.

माझा धाकटा भाऊ पुण्याच्या एका उपनगरात सहा जणांत राहायचा. करारावर नावं दोघांची. चार महिने बरे गेले. मग जिन्यातल्या कॅमेऱ्यात सोसायटीनं माणसं मोजली आणि जुलैच्या भर पावसात आठ दिवसांत जागा खाली करायला लावली. साठ हजारांचं डिपॉझिट सहा जणांनी मिळून भरलेलं. मालकानं रंगकाम, दंड असली कारणं सांगून त्यातलं जेमतेम वीस परत दिलं. ज्यांची नावं कागदावर नव्हती त्यांना मालकाकडे मागायला तोंडच नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या भावाकडे मागितलं. पहिलीपासूनचा त्याचा संकेश्वरचा मित्र आजही त्याच्याशी बोलत नाही. पैसे पुढं मिळवता आले, तो मित्र गेला तो गेलाच.

पाच जण आहात तर पाच सांगा. दहा ठिकाणी नकार येईल, अकराव्या ठिकाणी खरं सांगून जागा मिळेल. आणि पाचही नावं करारावर घाला.

कराराचं नीट समजून घ्या. महाराष्ट्रात याला "लिव्ह अँड लायसन्स" म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी पाहिजे आणि नोंदणीकृत पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लेखी करारच नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरायचं, असंही त्याच कलमात आहे. त्यामुळे "शंभराच्या स्टँपवर नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

खर्चही फार नाही. शहरात नोंदणी फी 1000 रुपये, ग्रामीण भागात 500. मुद्रांक शुल्क पाव टक्का. एकूण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून जी रक्कम येते, तिच्यावर. सोळा हजार भाडं, अकरा महिने आणि पन्नास हजार डिपॉझिट धरलं तरी शुल्क पाचशेच्या आत बसतं. एजंट वर स्वतःची मजुरी घेतो, ती आधी विचारा आणि मालक-भाडेकरू निम्मी निम्मी करा. सगळं ऑनलाइन होतं. आधार आणि अंगठा लागतो, यंत्र घेऊन माणूस घरी येतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचं काम मालकाचं. ते झालं की नाही विचारा, त्याची प्रत मागून घ्या. कर्नाटकचा पत्ता असलेल्या मुलांना तर हा कागद फार कामाला येतो. बँक, गॅस, सगळीकडे पुण्याचा पत्ता म्हणून हाच दाखवता येतो.

उद्यमबाग_फिटर · सोमवार, रात्री 10.40

अक्का, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. मी माझा सल्ला मागं घेतो. आमच्यातल्या ज्याचं नाव कागदावर नव्हतं त्याला डिपॉझिट कमीच आलं होतं. तेव्हा मी तसा विचार केला नव्हता.

मोशीत_बेळगावी · मंगळवार, सकाळी 7.10

मी मूळचा काकतीचा, नऊ वर्षं झाली इकडे. रात्रपाळी संपवून आत्ता घरी आलोय, तुझा धागा दिसला म्हणून लिहितोय.

आधी नकाशा डोक्यात घे. भोसरी आणि चाकण दोन्ही पुणे-नाशिक रस्त्यावर, आणि मधे मोशी. तीन जण चाकणला, दोन भोसरीला, तर मोशी सोडून दुसरीकडे बघूच नकोस. चऱ्होली, चिखली, भोसरीतली आळंदी रोडची बाजू हेही चालेल. कोथरूड, कर्वेनगर चांगलं असेल, पण तिथून चाकणला रोज जाणं म्हणजे आयुष्य रस्त्यावर जाणार. चाकणच्या चौकातली गर्दी तू अजून बघितली नाहीस. रविवारी रस्ता मोकळा दिसतो, त्यावरून अंदाज बांधू नकोस. कंपनीची बस असेल तर तिचे थांबे कुठले ते एचआरला आजच फोन करून विचार. खोली थांब्यापासून चालत दहा मिनिटांत पाहिजे. पहाटे साडेपाचची बस चुकली तर रिक्षाचे पैसे भाड्यापेक्षा जास्त होतील.

पाणी. बेळगावात आपल्याला सवय आहे म्हणून हे हलकं वाटेल. पिंपरी-चिंचवड महापालिका 2019 पासून एक दिवसाआड पाणी देते. म्हणून इमारतीची टाकी केवढी आहे, उन्हाळ्यात टँकर येतो का, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे, हे विचारायचंच. मालकाला विचारू नकोस. खालच्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंना विचार, त्या खरं सांगतील.

शोधायचं कसं? मोबाईलवरच्या जाहिरातीतले फोटो बघून फसू नका. शनिवारी दुपारी या. किराणा दुकान, इस्त्रीवाला, मेसवाली मावशी, वॉचमन यांना विचारत पायी फिरा. मोशीत अजून गाववाल्यांच्या स्वतःच्या तीन-चार मजली इमारती आहेत, मालक खाली राहतो, वरचे मजले भाड्यानं. तिथं सोसायटीची समिती नाही, एनओसीची (ना हरकत दाखल्याची) भानगड नाही, एका माणसाला पटलं की झालं. पोरांना तिथंच जागा मिळते. आमच्या आसपास दोन बीएचके पंधरा ते अठरा हजारांत मिळतो. डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचं मागतात, त्याच्यावर जाऊ नका. एजंटमार्फत गेलात तर एक महिन्याचं भाडं दलाली.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन म्हणून एक रुपया पाठवायचा नाही. "मी सैन्यात आहे, बदली झालीय, घर भाड्यानं द्यायचंय, गेटपाससाठी आधी पैसे टाका" असं सांगून लुबाडणारी टोळकी आहेत. ओळखपत्राचा आणि वर्दीतला फोटोसुद्धा पाठवतात. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, घरटी कोणीतरी फौजेत. वर्दी दिसली की आपला विश्वास लगेच बसतो, आणि नेमका तिथंच घात होतो. माझ्याच गावच्या एका पोराचे बारा हजार असे गेलेत.

कॉट बेसिस वाईट नाही. पहिला महिना जागा मिळाली नाही तर तिथं काढा. पण पाच जण असाल तर फ्लॅटच स्वस्त पडतो.

येळ्ळूरचा_पोरगा · मंगळवार, सकाळी 8.05

दादा, रात्रपाळी करून एवढं लिहिलात, लई उपकार झाले. एचआरला फोन करतो. अक्का, करारात पाचही नावं घालायचं आम्ही आजच ठरवलो.

शहापूरची_लेक · मंगळवार, दुपारी 1.30

मी बेंगळुरूत आहे, तरी लिहिते, कारण आपल्याकडची निम्मी मुलं पुण्याला आणि निम्मी इकडे येतात. बेळगावहून पुणे साधारण 340 किलोमीटर, बेंगळुरू 500. आमच्या घरी तर पुणे की बेंगळुरू यावर दोन महिने चर्चा चालली होती.

आम्ही चार मैत्रिणी. दोघी शहापूर, एक वडगाव, एक अथणीची. आधी पीजीत राहिलो. तिघींच्या खोलीत चार कॉट आणि पाण्याचे हाल. 2024 साली बीबीएमपीनं (तेव्हाची बेंगळुरू महापालिका) पीजींसाठी नियम काढले होते, माणशी निदान 70 चौरस फूट जागा आणि 135 लिटर पाणी. ते मला नंतर कळलं. पीजी बघायला जाताना हे दोन आकडे लक्षात ठेवा. खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजता येते.

मग घर घेतलं. इकडे पूर्वी दहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स म्हणून मागायची पद्धत होती, अजूनही काही मालक मागतात. आम्हाला पाच महिन्यांवर मिळालं, आणि ते कन्नडमुळे. मी कन्नड शाळेत शिकले नाही, पण शहापुरात बाजारात वाढल्यावर कन्नड येतेच. मालकीणबाईंशी पहिल्या दिवसापासून कन्नडमध्ये बोलले. त्या उत्तर कर्नाटकच्या भाषेला हसल्या, चहा दिला आणि ॲडव्हान्स कमी केला. सीमाभागातल्या मुलामुलींना दोन भाषा येतात ही आपली जमेची बाजू आहे, ती लपवायची कशाला?

दोन गोष्टी इकडे वेगळ्या. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घेतात, ते करारात आहे का आधीच वाचा. आणि कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंतच्या मोफत विजेचा लाभ भाडेकरूलाही मिळतो, मालकाच्या मीटरचा नंबर आणि आपलं आधार जोडावं लागतं. आधीच्या भाडेकरूचं आधार मीटरला जोडलेलं राहिलं असेल तर ते काढून घ्यायला सांगा. मुलींसाठी शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या आणि एक्स्प्रेस बसला तिकीट नाही. सणाला घरी यायला तेवढा मोठा आधार आहे. पुण्याला जाणाऱ्या मुलींना ते नाही, ती सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच.

कॅम्पातली_मावशी · मंगळवार, दुपारी 3.15

माझी मुलगी नर्सिंग करून पुण्यात नोकरीला लागतेय. तिच्याबरोबर दोघी आहेत. मुलींसाठी स्वस्त आणि सुरक्षित असं काय आहे?

निपाणीची_अक्का · मंगळवार, दुपारी 4.00

मावशी, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी केंद्र सरकारच्या मदतीनं चालणारी वसतिगृहं असतात, आता त्या योजनेला "सखी निवास" म्हणतात. भाडं पगाराच्या प्रमाणात असतं. अनेकजणींच्या मोठ्या खोलीत पगाराच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, दोघींच्या खोलीत दहा टक्के. मोठ्या शहरात महिना पन्नास हजारांपर्यंत पगार असेल तर प्रवेश मिळू शकतो. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात आताच चौकशी करा. त्याआधी ज्या हॉस्पिटलात नोकरी आहे त्यांचं नर्सिंग क्वार्टर्स आहे का ते विचारा. बहुतेकवेळा असतं, आणि मुली विचारतच नाहीत.

चंदगडी_तात्या · मंगळवार, रात्री 9.30

मी एकसष्ट वर्षांचा. आमचा चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, त्यामुळे तुम्हा सगळ्यांना मी आपलेच समजतो. पोरांनो, तुम्ही ज्या गोष्टीचा विचार करताय ती आपल्या लोकांनी फार पूर्वी करून ठेवलेली आहे, म्हणून थोडं सांगतो.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. गावाची एक खोली होती, बीडीडी चाळीत. 160 चौरस फुटांची. आम्ही तिला "गावकीची खोली" म्हणायचो. गावातला कोणीही मुंबईला गेला की पिशवी घेऊन थेट तिथं जायचा, ओळख लागायची नाही, जामीन लागायचा नाही. गाव हाच जामीन. माझ्या लहानपणी तिथं बावीस माणसं होती. एवढी माणसं मावायची ती पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर पाठ टेकायचे. प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. पावसाळा सोडला तर निम्मे लोक गॅलरीत झोपायचे. जेवण खानावळीत. आपल्याच भागातली एखादी बाई दहा-पंधरा जणांचं जेवण करायची, पैसे पगाराला.

पण मला सांगायची आहे ती वही. खोलीत एक जाड वही होती, लाल कापडी बांधणीची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे बसायचे आणि वही उघडायची. भाडं किती, दिव्याचं बिल किती, कोणी किती दिले, कोणाचे राहिले. नवीन माणूस आला की त्याचं नाव, बापाचं नाव, तारीख. नोकरी लागेपर्यंत तीन महिने त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, नोकरी लागली की हप्त्यानं. जो आजारी पडेल त्याला एकानं गावी पोचवायचं, तिकीट खोलीच्या पैशातून. रात्रपाळीवाला झोपलेला असताना रेडिओ लावायचा नाही, हासुद्धा नियम लिहिलेला. दारू पिऊन आला तर पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी गावाला पत्र. त्या पत्राची भीती पोलिसांपेक्षा जास्त होती.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले. वडील आणि आणखी चौघं त्या खोलीत दीड वर्ष राहिले, भाडं गावाकडून वर्गणी काढून गेलं. वहीत प्रत्येक रुपया लिहिलेला आहे. वडील 1983 ला शेतीवर परत आले, आणि त्यांच्यावर निघालेले 340 रुपये त्यांनी 1987 पर्यंत फेडले. कोणी मागितले नव्हते. ती वही मी हातात धरून बघितली आहे.

आता तशा खोल्या राहिल्या नाहीत. चाळी पाडून टॉवर होतायत, वरळीत लोकांना 500 फुटांची घरं मिळतायत, आनंदच आहे. पण तुम्ही पाच जण आहात. फ्लॅट शोधताय तेवढ्याच मन लावून पाच जण एकत्र बसा आणि आपसातलं लिहून काढा. मालकाशी होणारा करार वकील लिहील. मित्रामित्रांतला करार तुम्हालाच लिहायचा आहे.

मोशीत_बेळगावी · मंगळवार, रात्री 10.05

तात्या, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या फ्लॅटमध्ये पहिल्या वर्षी भांडण झालं ते नेमकं रात्रपाळीवरून. दोघं दिवसा झोपणार, तिघं टीव्ही लावणार. शेवटी आतली खोली रात्रपाळीवाल्यांची, खिडकीला जाड चादर, असं ठरलं आणि शांत झालं. चाकणात तिन्ही पाळ्या असतात, पोरांनो. हे आधी ठरवा.

टिळकवाडीतला_घरमालक · बुधवार, सकाळी 11.20

मी दुसऱ्या बाजूनं लिहितो. टिळकवाडीत आमचा वरचा मजला वीस वर्षं कॉलेजच्या मुलांना भाड्यानं देतोय. बाहेरगावच्या पोरांना मालक नाही का म्हणतो, ते माझ्या मनातलं सांगतो. भाडं बुडेल याची भीती कमी असते, कारण डिपॉझिट हातात असतं. खरी भीती दोन गोष्टींची. एक, आज पाच आहेत, उद्या किती आणि कोण असतील ते कळणार नाही. दोन, काही झालं तर बोलायचं कोणाशी? पाच जण पाच उत्तरं देतात.

म्हणून घर बघायला जाताना पाचही जण जा, नाहीतर पाचांचे फोटो आणि कंपनीची नेमणूकपत्रं एका फाइलमध्ये घेऊन जा. एकाचे वडील बरोबर गेले तर निम्मं काम होतं. मला स्वतःला, मुलाच्या आईनं फोनवर दोन वाक्यं बोलली की जामिनाची गरज वाटत नाही. भाडं पाच जणांकडून पाच वेळा पाठवू नका. एकाच्या खात्यातून, ठरलेल्या तारखेला, पूर्ण. तोच मालकाशी बोलेल. आणि पहिल्या दिवशी घराचे फोटो काढा, नळ, फरशी, कपाटाची दारं, भिंतीवरचे डाग, आणि तेव्हाच मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. चांगल्या मालकाला त्याचा राग येत नाही.

कडोलीकर_सर · बुधवार, दुपारी 2.45

थोडं बाजूचं, पण उपयोगी. गॅसचं कनेक्शन लगेच मिळत नाही, त्यासाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. आणि गाडी नेणार असाल तर केए 22 ची गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथं पुन्हा नोंदणी करावी लागते. विमा आणि पीयूसी चालू असू द्या. पहिले काही महिने गाडी न नेताच बघा.

येळ्ळूरचा_पोरगा · रविवार, रात्री 10.50

सगळ्यांना सांगायला पाहिजे म्हणून बसलोय. आत्ताच पुण्याहून परत आलो.

या वेळी चौघं गेलो, बरोबर मच्छेच्या मित्राचे वडील. ते शनिवारी दुपारी फाउंड्रीतून सुट्टी घेऊन आले. आम्ही खोटं काहीच सांगितलो नाही. पहिल्या दोन इमारतींत पाच म्हटल्यावर नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी, मोशीत आतल्या बाजूला, मालक खाली राहतात, शेतकरी माणूस, दारात दोन म्हशी. काकांनी आणि त्यांनी अर्धा तास उसाच्या दराचं बोलले. मग मालक म्हणाले, "पाच पोरं आहेत तर पाच राहू देत, पण सहावा झोपायला आला तर मला आधी सांगायचं." दोन खोल्या, किचन, गच्ची. भाडं सोळा हजार, पाणी धरून. डिपॉझिट पन्नास. करार नोंदवायला ते तयार आहेत, आधी कधी केला नव्हता म्हणाले, अक्कांनी लिहिलेलं मी मोबाईलवर वाचून दाखवलो. खालच्या काकूंना पाण्याचं विचारलो, मे महिन्यात एकदा टँकर आला होता म्हणाल्या. कंपनीच्या बसचा थांबा चालत सात मिनिटं.

एक अडचण आली. खानापूरच्या मित्राच्या वडिलांची तब्येत बिघडलीय, त्याला अजून दोन महिने येता येणार नाही. कंपनीनं तारीख पुढं दिलीय. पाच धरून माणशी 3200 येत होते, आता चौघांवर 4000. तो म्हणाला, माझा वाटा मी घरून पाठवतो. आम्ही रात्री बसमध्ये बोललो आणि ठरवलो की तो येईपर्यंत चौघं भरणार, नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून घ्यायचं नाही. तात्यांच्या खोलीत तसंच होतं. डिपॉझिटचे त्याचे दहा हजार मात्र त्यानं आताच दिलेत, आम्ही नको म्हटलं तरी. करारावर त्याचंही नाव घालतोय, अंगठ्यासाठी तो एक दिवस येऊन जाईल.

बाकी लिहिलोय ते असं. घर सोडायचं असेल तर दोन महिने आधी सांगायचं, बदली माणूस सगळ्यांना पसंत पडेल असा शोधायचा, त्यानं दिलेलं डिपॉझिट जाणाऱ्याला द्यायचं. आतली खोली रात्रपाळीची. जेवण सकाळी कंपनीत, रात्री आळीपाळीनं करायचं, भाकरी कडोलीवाला शिकवणार. मालकाशी बोलणार मी.

शनिवारी निघतोय. येळ्ळूरच्या दुकानात लाल बांधणीची वही मिळाली नाही, निळी मिळाली. घेतलीय.

निपाणीची_अक्का · रविवार, रात्री 11.05

निळी चालेल. करार झाला की प्रत्येकानं त्याची प्रत आपापल्या मोबाईलमध्ये ठेवा.

चंदगडी_तात्या · सोमवार, सकाळी 6.15

पहिल्या पानावर तारीख घाल. खाली पाचांची नावं, प्रत्येकाच्या बापाचं नाव, घरचा फोन. खानापूरच्या पोराचे दहा हजार सगळ्यात आधी लिही, तो नसताना लिहिलेत म्हणून चौघांनी सह्या करा.